शेप्या आंब्याची आकडी

मी एक जुनी आकडी आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, डोळ्यांत थोडं पाणी आणावं, अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. मला राग आला आहे आणि आज तो मी बोलून टाकणार आहे. ऐकायचा असेल तर बसा.

ज्यांनी मला कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एक लांब बांबू आणि त्याच्या टोकाला विळ्यासारखं वाकवलेलं लोखंडी पातं, एवढंच माझं रूप. झाडाची फांदी हाताला येत नसली की मला वर घालायचं, फांदी पात्यात अडकवायची आणि खाली हिसका द्यायचा. शेळीला पाला हवा, दाराला तोरण हवं, लोणच्याला कैरी हवी, की सगळ्यांना माझी आठवण येते. काम झालं की मला कुठेही टाकतात. त्याचा मला राग नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

माझं अंग किनवटच्या रानातलं. तिथल्या बांबूच्या बेटात मी वाढले. वाऱ्यावर डुलण्यापलीकडे मला काही काम नव्हतं. मग तोडली गेले आणि लोह्याच्या बाजारात आले. तिथे रस्त्याकडेला भाता लावून बसलेल्या एका घिसाड्यानं माझ्या टोकाला पातं ठोकलं. अहमदपूरकडच्या एका गावचे दगडोबा समोरच उभे होते. त्यांनी मला हातात घेऊन वाकवून पाहिलं, पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "धार जरा कमी कर बाबा. डहाळी तोडायची हाय, कुणाची मान न्हाई."

घिसाडी हसला आणि त्यानं पातं पुन्हा दगडावर घासलं. तशी मी दगडोबांच्या घरी आले.

दगडोबांचं घर शेतातच होतं. आमच्याकडे त्याला आखाडा म्हणतात. आखाड्याच्या दारात दोन गावरान आंबे होते. एकाचं फळ साखरेसारखं गोड, म्हणून तो साखऱ्या. दुसऱ्याच्या फळाला शेपूच्या भाजीचा वास, म्हणून तो शेप्या. शेप्याचं नाव काढलं की पाहुणे नाक मुरडायचे आणि त्याच्याच लोणच्याची दुसरी फोड मागायचे. दगडोबांच्या बायको लक्ष्मीबाई दरवर्षी शेप्याच्या कैऱ्यांचं लोणचं घालत आणि लेकींकडे, नणंदांकडे, शेजारीपाजारी पोचवत. माझी जागा शेप्याच्या बेचक्यात होती. ऊन, पाऊस, थंडी, मी तिथेच टांगलेली असायची. म्हणून त्या झाडाचं सुखदुःख माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही.

आमच्या भागात लग्न म्हटलं की मांडवडहाळे आले. लग्नाच्या आदल्या दिवशी गडीमाणसं वाजतगाजत आंब्याच्या, उंबराच्या, जांभळाच्या हिरव्या डहाळ्या आणतात. आधी मारुतीला नेतात आणि मग मांडवावर टाकतात. पूर्वी बैलगाडी असायची, आता ट्रॅक्टर असतो. रस्त्याकडचे आंबे एकेक करून गेले, तसं सगळं गाव डहाळ्यांसाठी आमच्याच दारात येऊ लागलं. दगडोबा कुणाला नाही म्हणत नसत. त्यांची एकच अट होती. लग्न उरकलं की डहाळ्या उकिरड्यावर फेकायच्या नाहीत. त्या माघारी आणून झाडाच्या बुंध्याशी ठेवायच्या.

"लेक जशी माहेरी येती," ते म्हणायचे, "तसं देवाला गेलेलं पान माघारी झाडाजवळ आलं पायजे. पायदळी जाऊ न्हाई."

किती चांगला शब्द! ऐकताना मलाही बरं वाटायचं. पानं बुंध्याशी कुजत, मातीला मिळत. दगडोबा वारले तेव्हा लक्ष्मीबाईंनी ही अट जपली. गावानंही जपली. माणसं मेलेल्या माणसाचा शब्द फार जपतात. झाड जिवंत आहे का मरतंय, हे पाहायला मात्र त्यांना सवड नसते.

मग गावात लग्नाचे मंडपवाले आले. ते डहाळ्या बाहेरगावाहून ट्रॉली भरून आणत. कुठल्या झाडाच्या, कशा पानांच्या, कुणी पाहत नव्हतं. लग्न झालं की गावच्या रीतीप्रमाणे तो परका पालाही शेप्याच्या बुंध्याशी येऊन पडू लागला. त्या पाल्यातल्या कितीतरी पानांवर मला बारीक बारीक गाठी दिसल्या. बाजरीच्या दाण्याएवढ्या, मसुराएवढ्या, कुठे हिरव्या, कुठे तपकिरी. मी बेचक्यातून पाहत होते. काठीला तोंड नसतं, नाहीतर तेव्हाच ओरडले असते.

त्या गाठींतून माश्या निघाल्या. माशी म्हणजे घरातली नव्हे. डासाहूनही लहान, नाजूक, वाऱ्याबरोबर सहज वर चढणारी. शेप्याला तेव्हा कोवळी तांबूस पालवी फुटत होती. माश्यांनी त्या पालवीत अंडी घातली. अंड्यांतून अळ्या निघाल्या आणि पानाच्या पोटात शिरल्या. पान बिचारं काय करणार? त्यानं अळीभोवती गाठ बांधली. अळीला तेच हवं होतं. वर छप्पर, आत जेवण. पोट भरलं, माशी झाली, की गाठीला भोक पाडून ती बाहेर येते आणि पुढची कोवळी पालवी शोधते. अशानं पानं फोडांनी भरली, वाकडी झाली, वेळेआधी गळू लागली. साखऱ्यावरही तेच झालं.

आता माझ्या रागाची गोष्ट ऐका. झाडाला गाठी आल्या, तर कुठली पानं तोडावीत? लहान मूलही सांगेल की गाठीची. आमच्या गावानं काय केलं? चोर सोडून संन्याशाला सुळी!

डहाळ्या निवडण्याचा मान शिवमूर्तीअप्पांचा. ते भावकीतले वडीलधारे, स्वभावानं चांगले, पण पानाच्या बाबतीत फार कडक. त्यांच्या सांगण्यावरून मला वर घालत आणि अप्पा खालून बोट दाखवत. "ह्ये नको, ह्येच्यावर फोड हायत. ती पलीकडची घे, चकचकीत. शुभकार्याला खोडीचं पान चालत न्हाई." लग्न असो, वास्तुशांत असो, दसरा असो. दरवेळी निरोगी डहाळी माझ्या पात्यात आणि रोगट डहाळी झाडावर. अशी वर्षं गेली. मला वापरून गावानं शेप्याचं अंग निवडून निवडून लुटलं. रोग तेवढा त्याच्याजवळ ठेवला. आणि वर म्हणायचं काय, तर 'यंदा झाडाला चांगलं पानच येत न्हाई.' येईल कसं? चांगलं पान तुम्ही घरी नेलंत ना!

बालाजी म्हणजे लक्ष्मीबाईंचा मुलगा. तो कष्टाळू आहे, पण घायकुत्या. झाडाचे हाल पाहून त्यानं दुकानातून औषध आणलं, त्यात दुकानदारानं दिलेलं टॉनिक ओतलं, वर आणखी एक पुडी टाकली आणि दोन्ही झाडांना न्हाऊ घातलं. केव्हा? गाठी पक्क्या झाल्यावर! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. अळी गाठीच्या आत निवांत बसलेली होती. तिला त्या औषधाचा थेंबही लागला नाही. मोहोरावर आलेल्या मधमाश्या मात्र खाली पडल्या. त्यांच्याबरोबर काही बारीक काळ्या गांधीलमाश्याही मेल्या. त्या अळ्यांच्या वैरी होत्या. गाठीला नांगी टोचून आतल्या अळीत अंडं घालायच्या आणि अळीचा फडशा पाडायच्या. झाडाची फुकट राखण करणारी तेवढीच माणसं होती. ती आपल्याच माणसानं मारली.

औषधानं गुण येईना. मग ठरलं की साखऱ्या बाधलेला आहे. कुणाची तरी नजर लागली, कुणी काही टाकलं. आरामशीनवाला आला, करवत चालली. लक्ष्मीबाई त्या दिवशी घरातून बाहेर आल्या नाहीत. साखऱ्या मेलेला नव्हता, मित्रांनो. त्या वर्षीही त्याला कैऱ्या होत्या. त्याचं लाकूड ट्रकमधून गेलं आणि गाठींनी भरलेला पाला? तो शेप्याच्या सावलीत रचून ठेवला. वाळला की सरपणाला होईल म्हणून! भावाचं दुखणं भावाच्या उशाशी आणून ठेवलं. मी बेचक्यात होते. त्या पाल्यातून माश्या वर येताना मी रोज पाहिल्या.

मागच्या मार्गशीर्षात बालाजीच्या मुलीचं, शिवांगीचं लग्न निघालं. शिवांगी किनवटकडच्या एका निवासी शाळेत विज्ञान शिकवते. घरात गडबड होती, पाहुणे आले होते, दारात हलगी वाजत होती. या वेळी तर डहाळे घरच्याच झाडाचे. शिवमूर्तीअप्पा डोक्याला फेटा बांधून आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काढा ती आकडी."

मला वर घातलं. अप्पांनी बोट दाखवायला सुरुवात केली. "ह्ये नको. ह्येबी नको. पलीकडं बघ. न्हाई, तितंबी फोड हायत." मी या फांदीवरून त्या फांदीवर फिरले. माझ्या टोकाला पोचेल अशी एकही चांगली डहाळी उरली नव्हती. हलगी थांबली. अप्पांनी मला खाली घेतलं आणि बालाजीला बाजूला न घेता, सगळ्यांसमोर सांगितलं.

"बाला, झाड बाधलंय. लेकीच्या मांडवाला असल्या झाडाचं पान लावू नको. साखऱ्यागत ह्येबी काढून टाक."

"हाव अप्पा," बालाजी म्हणाला. "लगीन झालं की आरामशीनवाल्याला बोलावतो."

लक्ष्मीबाई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. "बाला, म्या जित्ती हाय तवर शेप्याला हात लावायचा न्हाई."

"माय, साखऱ्या वाळला तसा ह्योबी वाळंल."

साखऱ्या वाळला नव्हता! तोडला होता! पण माझं कोण ऐकतं? बालाजी मान खाली घालून उभा होता. सगळ्यांनी मनातून शेप्या तोडलाच होता, फक्त करवत यायची बाकी होती.

तेवढ्यात शिवांगी बाहेर आली. अंगाला हळद लागलेली. हळद लागल्यावर नवरीनं उंबरा ओलांडायचा नसतो. बायकांनी आतून हाका मारल्या, अप्पांनी हात वर केला, "पोरी, आत जा!" ती गेली नाही. अप्पांनी नाकारलेलीच एक डहाळी माझ्या पात्याला लागून खाली पडली होती. ती तिनं उचलली, पदराची पिन काढली आणि पानावरची एक गाठ उकलली.

"अप्पा, हिकडं बघा. आजी, तू बी ये."

अप्पा वाकले. गाठीच्या पोटात एक पिवळसर अळी वळवळत होती. तिळाहूनही बारीक.

"ह्यी बाधा न्हाई," शिवांगी म्हणाली. "किडा हाय. आमच्या शाळंतल्या पोरांनी रानातनं टेंभुर्णीची पानं आणली व्हती, तिच्यावर अशाच गाठी. फोडून पाह्यलं तर आत किडे. तितला किडा येगळा, ह्यो येगळा, पण दोघांची रीत एकच. पानालाच घर बांधायला लावतो अन् आत बसून खातो."

"मंग औषध मारलं तर मेला काहून न्हाई?" बालाजीनं विचारलं.

"पप्पा, तो आत बसून राहिला अन् तुम्ही छपरावर पाणी मारून राहिले. गाठ व्हायच्या आधी, पालवी कवळी असतानी काय करायचं ते कृषी अधिकाऱ्याला इचारून करावं लागतं. गाठ झाल्यावर एकच इलाज. ती पानं तोडायची अन् जाळायची. आपुन उलटं करून राहिलो. चांगली पानं मांडवाला नेतो अन् किड्याचं घर झाडावर राखून ठेवतो."

अप्पांचा चेहरा लाल झाला. "म्हंजी इतकी वर्सं म्या चूक केली व्हय?"

"समद्यांनीच केली, अप्पा. अन् ते बी." तिनं बुंध्याकडे हात केला. तिथे माघारी आलेल्या डहाळ्यांचा ढीग होता आणि त्याला लागून साखऱ्याचा वाळका पाला. "ते सगळं जाळायला पायजे. आजच."

आता मात्र लक्ष्मीबाई उठल्या. सूप खाली ठेवलं, थोडे तांदूळ सांडले. "शिवांगे, तुज्या आज्याचा शब्द हाय त्यो. देवाला गेलेलं पान जाळायचं?"

शिवांगीनं पिन पदराला परत लावली. आजोबांच्या शब्दापुढे तिची पिन काय चालणार? मला वाटलं, संपलं. मेलेल्या माणसाचा शब्द जिंकणार आणि जिवंत झाड हरणार. मला त्या क्षणी दगडोबांचासुद्धा राग आला. ज्यांनी मला बाजारातून घरी आणलं, त्यांचा!

लक्ष्मीबाई ढिगाजवळ गेल्या. एक वाळकं पान उचलून त्यांनी डोळ्यांजवळ धरलं. गाठींना भोकं पडलेली होती. आतलं पाखरू केव्हाच उडून गेलं होतं. त्यांनी वर शेप्याकडे पाहिलं. शेजारी साखऱ्याचा नुसता बुंधा उरला होता. त्याच्याकडेही पाहिलं. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या,

"लेक माहेराला येती ती माहेर जाळायला न्हाई येत. त्येन्ला ह्ये ठावं असतं तर त्येन्नीच काडी लावली असती. अप्पा, आकडी उचला."

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मला तेव्हा पहिल्यांदा योग्य फांदीला लावलं गेलं. शिवमूर्तीअप्पांनी पुन्हा बोट दाखवायला सुरुवात केली, पण आता उलटं. "ती फोडाची घे. ती बी. मुळातनं घे." वऱ्हाड्यांनी हाताने पानं खुडली, हलगीवाल्यानं हलगी बाजूला ठेवून कुऱ्हाड धरली, आतल्या दाट गुंतलेल्या फांद्या काढून झाडात उजेड पाडला. बालाजीनं खड्डा खणला. तोडलेला पाला, बुंध्याचा ढीग, साखऱ्याचा वाळका पाला, सगळं खड्ड्यात टाकून वर तुरीच्या वाळक्या तुराट्या रचल्या आणि पेटवलं. मांडवाला उंबर आणि जांभूळ लागलं. आंब्याची एकच डहाळी कळसासाठी, झाडावर चढून, अगदी शेंड्यावरून काढली. लग्न छान झालं. कुणाचं काही अडलं नाही.

सगळ्या गाठी गेल्या, असं मी सांगणार नाही. शेप्या मोठा आहे आणि माझी लांबी ठरलेली आहे. पण बराच बोजा उतरला. बालाजीनं झाडाखालची माती कुळवानं हलवली, कारण अशा काही माश्यांचे कोष मातीतही असतात. माघात कोवळी पालवी आली तेव्हा त्यानं कृषी अधिकाऱ्याला विचारून, मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी फक्त निंबोळी अर्क फवारला. टॉनिक नाही, पुडी नाही. आणि एके दिवशी मला त्या बारीक काळ्या गांधीलमाश्या पुन्हा दिसल्या. मी काठी आहे, मला हसता येत नाही. पण आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

मग पाडवा आला. सकाळीच लोक गुढीला पानं मागायला हजर. सगळ्यांत पुढे शिवमूर्तीअप्पाच. शेप्यावर तांबूस, चकचकीत, बिनडागाची पालवी होती. अप्पांचा हात सवयीनं तिच्याकडेच गेला. मला तर वाटलं, आता पात्यानंच त्यांचं बोट धरावं!

"थांबा अप्पा," लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांनी साखऱ्याच्या बुंध्यावर एक टोपलं ठेवलं होतं. "आदी ह्ये टोपलं गाठीच्या पानानं भरा. मंग एक चांगली डहाळी न्या. ह्याच्या फुडं आमच्या दारात हीच रीत."

"पाडव्याच्या दिशी बी?"

"पाडव्याच्या दिशीच."

अप्पा थोडे पुटपुटले. मग त्यांनी फेटा नीट केला, माझ्यानं गाठीची एक डहाळी खाली पाडली आणि टोपल्याशी बसून एकेक रोगट पान खुडून त्यात टाकू लागले. त्यांच्यामागे बाकीचेही बसले.

माझा राग अजून गेलेला नाही. जाणारही नाही, कारण त्या टोपल्याखाली साखऱ्या आहे. त्याला पुन्हा फूट आली नाही. मी रोज पाहते. मित्रांनो, तुम्हीही तोरणाला, कळसाला, गुढीला पान तोडायला जाल तेव्हा झाडाकडून फक्त चांगलं मागू नका. आधी त्याचं दुखणं तोडून घ्या. तेवढंही जमत नसेल, तर त्या दिवशी दार बिनतोरणाचं ठेवा आणि माझ्यासारख्या आकडीला हात लावू नका.